तेजरामची बाळंतपणं

तेजराम काटेखायेची आजवर किती बाळंतपणं झाली, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. पवनीला झाली, तुमसरच्या अंगाला सिहोऱ्याला झाली, भंडाऱ्याच्या एका सभागृहात पंख्याखाली झाली, आणि एकदा तर ग्रामपंचायतीच्या आवारात भर दुपारी कडुनिंबाखाली झाली. दर वेळी बाळ सुखरूप, बाळंतीणही सुखरूप, आणि थोड्या वेळाने बाळंतीण उठून लुगडं झटकून चहाला बसलेली. नवख्या माणसाला वाटतं, सांगणाऱ्याचं डोकं फिरलंय. पण पवनी तालुक्यातल्या कोणत्याही आशाताईला विचारा. तेजरामभाऊचं बाळंतपण मीच केलं, असं ती सहज सांगेल, आणि वर हेही सांगेल की पेशंट फार नखऱ्याची होती.

तेजराम वैनगंगेच्या काठच्या पिंपळटोलीचा. कोंढ्याचा बाजार त्याचा, धानशेतीच्या थोड्या बांद्या त्याच्या, आणि लग्नाकार्याला बिछायत पुरवायचा छोटा धंदाही त्याचाच. अंथरायच्या दऱ्या, कनाती, स्वयंपाकाची मोठाली गंजं आणि एक भोंगा, जो मनात आलं तर वाजतो, नाहीतर नुसता खरखरतो. पण गावात त्याची ओळख यातल्या कशाचीच नव्हती. तरुणपणी तो दंडारीत, इकडच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घ्यायचा. दिवाळी सरून मंडईच्या जत्रांचे दिवस आले की गावोगावी दंडार उभी राहायची, आणि तेजराम लुगडं नेसून समोर आला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा डोळे बारीक करून बघायच्या, ही कोणाघरची सून म्हणून. मिशी त्याने जन्मात राखली नाही. पुढे दंडारी कमी झाल्या, मोठमोठे पडदे आणि नागपूरच्या नट्या घेऊन नाटकं यायला लागली, आणि तेजरामचा केसांचा टोप पेटीत गेला.

बायको काविळीने गेली तेव्हा मुलगी रुचिका शाळेत होती. हा एकटा गडी पोरीचं कसं करणार, याची काळजी गावाने पुरेपूर वाहिली. करायला मात्र कोणी आलं नाही, आणि तेजरामला त्याची गरजही पडली नाही. टोपाच्या वेण्या घालून घालून त्याचा हात इतका बसला होता की रुचिकाची वेणी साऱ्या शाळेत उठून दिसायची. पुढे साडी नेसायलाही तिला बापानेच शिकवलं. निऱ्या चिमटीत कशा धरायच्या, पदर किती सोडायचा, याबद्दल त्याची मतं पक्की होती आणि आहेत. लग्नात पंगत सोडून नवरीच्या निऱ्यांकडे नापसंतीने बघणारा कोणी दिसला तर तो तेजराम समजावा.

काही वर्षांपूर्वी वैनगंगेला मोठा पूर आला आणि काठची गावं शाळांमध्ये, समाजमंदिरांमध्ये जाऊन राहिली. त्या गर्दीत बायकांचे जे हाल झाले ते बायकांनीच सोसले आणि बायकांनीच विसरायचं ठरवलं. सुशीलाबाई मात्र विसरायला तयार नव्हत्या. आयुष्यभर परिचारिकेची नोकरी केलेली ही बाई निवृत्त झाली आणि घरी नातवंडं खेळवत बसायचं सोडून गावोगाव फिरायला लागली. आशाताईंना आणि नर्सबाईंना ती शिकवायची की पूर आला, आग लागली, गाव उठून दुसरीकडे गेलं, तर अशा वेळी बाईच्या शरीराची काळजी कशी घ्यायची. तिच्या वर्गाची सुरुवात ठरलेली असे.

"पूर आला म्हून बाळंतपण थांबत नाई, पाळी थांबत नाई, आन् पेलेल्या नवऱ्याचा हातही थांबत नाई. मंग आपणच काहून थांबायचं?"

पिंपळटोलीच्या शाळेत वर्ग भरला तेव्हा बिछायत अर्थात तेजरामची होती. सुशीलाबाईंनी बाळंतपणाची पिशवी उघडून दाखवली. साबण, हातमोजे, नवं ब्लेड, नाळेचा चिमटा, अंथरायला प्लास्टिकचा कागद, बाळाला गुंडाळायला धुतलेली फडकी. आडोसा कुठे करायचा, बायकांचा संडास उजेडात का हवा, पाळणा लांबवायच्या गोळ्या गर्दीत कोणाच्या नजरेस न पडता कशा द्यायच्या, सगळं सांगून झालं. मग त्या म्हणाल्या, आता करून बघू, कोणीतरी पेशंट व्हा. सगळा वर्ग एकाएकी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागला.

त्याला कारण होतं. खोटं बाळंतपण केलं की खऱ्याला नाट लागते, हे तिथल्या प्रत्येकीने आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. लग्न न झालेल्या पोरींनी तर निजायचंच नाही. लेकुरवाळ्यांना अजून एखादं हवं होतं. ज्यांना नको होतं त्यांच्या घरी सुना होत्या. गावच्या आशाताई कुंताबाई, ज्यांनी तालुक्याला भांडून रुग्णवाहिका आणलेली, त्यांनीही सांगून टाकलं की माझी सून दिवसांची आहे, मी हा अपशकुन ओढवून घेणार नाही. सुशीलाबाईंनी शास्त्र सांगितलं, मग रागावून बघितलं, मग विनवणी केली. अंगठे काही हलेनात.

कोपऱ्यात कनात बांधत असलेला तेजराम हे सगळं ऐकत होता. त्याने दोरीची गाठ मारली, हात पुसले आणि अदबीने विचारलं, "मी होऊ का जी? मले कायची नाट लागते?"

कोणी हो म्हणायच्या आत त्याने एक दरी घडी करून सदऱ्याखाली घातली, कुंताबाईंची ओढणी डोक्यावरून घेतली आणि जमिनीवर निजला. आणि मग त्याने जे सुरू केलं ते काय सांगावं. दंडारीत केलेल्या साऱ्या राण्या, साऱ्या भिल्लिणी आणि साऱ्या सवती त्या दुपारी एकदम बाळंत झाल्या. त्याने देवाला हाका मारल्या, नवऱ्याला शिव्या दिल्या, सासूचा उद्धार केला. बांधावर गाई राखणारा माणूस शाळेत धावत आला आणि दारातूनच मागे फिरला. बायका इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. पण हसता हसता त्यांनी हातमोजे घातले, कागद अंथरला, दरीच्या घडीची नाळ कापली आणि ती घडी तेजरामच्या छातीशी नीट ठेवली. सुशीलाबाईंना हवं होतं ते झालं. त्या दिवसापासून तेजराम त्यांच्या जीपमध्ये बसायला लागला.

नुसती बाळंतीणच नाही, तो बरीच सोंगं वठवायचा. कधी तो पाळीचं कापड मागायला लाजून दारातच घुटमळणारी पोरगी व्हायचा. कधी सासूच्या चोरून गोळ्या मागणारी सून व्हायचा आणि आशाताईने मोठ्याने विचारलं की पटकन डोकेदुखीचं औषध मागायचा. कधी डोळ्याखाली काजळ फासून, पाय घसरला म्हणून सांगणारी बाई व्हायचा. त्या शेवटच्या सोंगाला वर्गात कधी कोणी हसलं नाही.

सिहोऱ्याच्या वर्गानंतर मात्र जीपमध्ये सुशीलाबाईंनी त्याला चांगलाच झापला. त्यांचं म्हणणं असं की भाऊ, तुमची बाई फार सोपी आहे. विचारलं तेवढं सांगते, न विचारलेलंही सांगते, आणि ऐन वेळी गाव गोळा होईल एवढी ओरडते. तिला कोणीही ओळखेल. शंभर माणसं एका छताखाली असताना, सासरा समोर बसलेला असताना, कोणती बाई अशी ओरडते?

तेजरामला ते लागलं. कलावंत माणूस, टाळ्यांची सवय, टीकेची नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गावच्या जुन्या सुईणीकडे, पार्वताबाईकडे, जाऊन बसला आणि खरी बाई कशी करते ते विचारलं. म्हातारी आधी हसली. मग तिने त्याला त्याच्याच घरची गोष्ट सांगितली. रुचिकाच्या वेळी त्याची बायको पाहुण्यांसाठी तांदूळ निवडत बसली होती. कळ आली की तिचा हात सुपात थांबायचा, पायाची बोटं चटईत रुतायची, आणि कळ गेली की हात पुन्हा चालू. तोंडातून चकार शब्द नाही. पाहुणे जेवून गेले तेव्हा कुठे ती उठून आत गेली. त्या दिवशी तेजराम परगावी दंडारीत राणी झाला होता, त्यामुळे त्याने हे कधी पाहिलंच नव्हतं. निघताना त्याने म्हातारीचं सूप मागून घेतलं.

पुढच्या वर्गात त्याने न सांगता सोंग बदललं. तो नुसता बायकांमध्ये सूप घेऊन बसला. थोड्या थोड्या वेळाने हात थांबे, बोटं रुतत, पुन्हा हात चाले. वर्ग वाट बघत राहिला की भाऊ आता निजणार, आता ओरडणार. कोणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी सुशीलाबाईंनी सांगितलं की तुमची पेशंट केव्हाची कळा देते आहे आणि तुम्ही तिच्याशेजारी बसून भजी खाताय. त्या वर्गात टीना नावाची एक नवी नर्सबाई होती, नुकतीच नोकरीला लागलेली. ती तेजरामला अगदी लागून बसली होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेजराम घाबरला आणि आपल्या वाटची भजीही तिला देऊन टाकली. पुढे याच टीनाची नेमणूक पिंपळटोलीच्या उपकेंद्रात झाली.

तोवर रुचिकाचं लग्न होऊन ती जवाहरनगरला नांदायला गेली होती. जावई वीरेंद्र कारखान्यात नोकरीला, क्वार्टर पक्कं, नळाला पाणी, दारातून कारखान्याची बस. माणसं चांगली होती. पण व्याही बायकांसारखा बाळंत होऊन दाखवतो म्हटल्यावर चांगल्या माणसांनाही थोडं अवघडल्यासारखं होणारच. सातव्या महिन्यात ओटी भरली तेव्हा तेजराम साडी, नारळ, फळं घेऊन गेला आणि पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा मुलीला केव्हा पाठवता, असं रीतीप्रमाणे विचारलं. विहीणबाई निर्मलाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"इवाई, राग नका मानू," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "माहेर म्हंजे माय. ज्या घरी मायच नाई, तिथी बाळंतपण कोण करन? तुमी?"

ओटीला आलेल्या बायका हसल्या. निर्मलाबाईंच्या मनात वाईट नव्हतं. त्यांनी खरोखरच विचारलं होतं. तेजरामनेही खरोखरच उत्तर दिलं की हो, मी करीन. मग तर बायकांना हसू आवरेना. तेजराम आयुष्यभर लोकांना हसवत आला, पण त्या दिवशीचं हसू त्याला बोचलं. पोरीला पहिल्या बाळंतपणाला माहेर नसावं, आणि ते आपण बाई नाही म्हणून नसावं, हे त्याला सहनच होईना. त्याने वेण्या घातल्या, ताप काढले, पहिली पाळी आली तेव्हा कापड कसं घ्यायचं ते कुंताबाईंना विचारून येऊन सांगितलं. आणि आता ऐन वेळी दार बंद. तो परत निघाला तेव्हा रुचिका गेटपर्यंत आली, आणि एवढंच म्हणाली की बाज विणून ठेवा, मी येते.

ती आली. कशी आली, नवऱ्याशी काय बोलली, सासूला काय सांगितलं, हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही. तेजराम हवेत तरंगायला लागला. त्याने बाज नव्याने विणली, भिंती सारवल्या, पार्वताबाईकडून सुंठीचे लाडू शिकला आणि पहिला घाणा इतका तिखट केला की शेजारचा कुत्राही शिंकला. टीनाने रुचिकाला तपासून सगळं ठरवलं. दिवस भरायच्या आधीच तिला पवनीच्या दवाखान्यात हलवायचं, तिथेच बाळंतपण, मग सव्वा महिना माहेरी. तेजरामने हे ठरलेलं सगळं गावाला इतक्या वेळा ऐकवलं की लोक त्याला लांबून बघून वाट बदलायला लागले.

पण नदी आणि नात दोघीही ठरल्याआधी आल्या. वरच्या धरणांतून पाणी सुटलं, पवनीचा रस्ता पाण्याखाली गेला, आणि सकाळीच पंचायतीने गाव शाळेत हलवलं. शाळा उंचावर. माणसं, बकऱ्या, धानाची पोती, टीव्ही, सगळं चढावरून वर आलं. या वेळी मात्र गाव पूर्वीसारखं भांबावलं नाही. कुंताबाईंनी एक अख्खी खोली बायकांची म्हणून ताब्यात घेतली, तेजरामच्या कनाती लावून आत कोपरा केला, बाळंतपणाची पिशवी उंच खुंटीला टांगली. टीनाने गोळ्या, कापडाच्या घड्या आणि साबण घेऊन आपलं दुकान थाटलं. आणि तेजराम तर असा हिंडत होता की घरचंच लग्न आहे. कनातीची दोरी ओढ, गंजात चहा टाक, रडणाऱ्या पोराला भोंग्यावरून म्हशीचा आवाज काढून दाखव.

रुचिका बायकांबरोबर खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती. तेजराम दोनदा तिच्याजवळ आला. एकदा चहा दिला, एकदा लाडू दिला. ती गप्प होती, म्हणून त्याने कुंताबाईंना सांगितलं की पोरगी पाण्याले घाबरली असन. मग त्याने तिला जरा हसू यावं म्हणून तिच्या सासूची नक्कल करून दाखवली. ती हसली. तो खूश होऊन पुन्हा चहाकडे गेला.

टीना समोर उभी होती. रुचिकाचा हात सुपात थांबला. चटईवर पायाची बोटं आवळली गेली, सुटली, आणि हात पुन्हा तांदळातून फिरायला लागला. टीनाने वाट बघितली. पुन्हा तेच. मग ती रुचिकाजवळ जाऊन उकिडवी बसली आणि हळूच विचारलं, केव्हापासून? रुचिका म्हणाली, सकाळी चढ चढताना. सांगितलं का नाही? तर इतके बाप्ये आहेत, आणि बाबा तर सारखे येऊन राहिले, त्यांच्यासमोर कसं कण्हायचं?

टीनाने तिला कनातीमागे नेलं आणि बाहेर येऊन तेजरामला सांगितलं. तेजरामच्या हातातली चहाची चाळणी गंजात पडली.

"मी दोनदा जवळ गेलतो," तो म्हणाला. "मले काहून नाई दिसलं?"

"काका, तुमीच तं शिकवलं मले," टीना म्हणाली. "त्या दिवशी तुमच्याच बोटांवरून."

फोन लागला. पवनीच्या डॉक्टरीणबाई फोनवरच राहिल्या. बोट निघाली होती, पण प्रवाहाला जोर होता आणि कळांना त्याहून जास्त होता. टीनाने हात धुतले, कुंताबाईंनी पिशवी खाली काढली. सगळ्या बाप्यांना शाळेच्या पलीकडच्या अंगाला पिटाळलं गेलं. सगळ्यांत पुढे तेजराम. साऱ्या जिल्ह्यापुढे मांड्या हलवून बाळंत झालेला हा माणूस आता भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि त्याला घाम फुटला होता.

सुशीलाबाईंच्या वर्गात एक गोष्ट टीनाने पाठ केली होती, ती म्हणजे बाळंत होणारीला विचारायचं, आपण ठरवायचं नाही. तिने विचारलं, "ताई, जवळ कोण पाहिजे?" पार्वताबाई पदर खोचून तयारच होती.

"बाबाले बोलवा," रुचिका म्हणाली.

पार्वताबाईने कपाळाला हात लावला. बाप बाळंतिणीजवळ, असं कुठी असते का? गावात आजवर झालं नाही, बाहेर कळलं तर काय म्हणतील. टीना क्षणभर गोंधळली. तिचं वय ते काय, आणि समोर अख्ख्या गावाची सुईण. मग ती म्हणाली की जिला कळा येताहेत तिने मागितलंय, आणि तिला हवं तेच होईल. कुंताबाई स्वतः बोलवायला गेल्या.

आणि तेजराम नाही म्हणाला. मले नाई जमणार, त्याने हात जोडले. मले काहीच येत नाही, मी तं नुसतं सोंग करतो. कुंताबाईंनी त्याला सांगितलं की भाऊ, तुमाले काही यायची गरज नाई, तिले तुमी पाहिजे. त्यांनी त्याचा सदरा धरून त्याला आत आणलं.

तो रुचिकाच्या उशाशी बसला, बायकांकडे पाठ आणि तोंड भिंतीकडे. भिंतीवर पाढे रंगवलेले होते. रुचिकाने त्याचा हात पकडला आणि तो पाढे वाचायला लागला. कळ आली. तिने दात आवळले. तेजरामने तिच्या कपाळावरून हात फिरवत सांगितलं, "ओरड माय, ओरड. कोणाले लाजायचं नाई. मी एवढं ओरडलो, कोणी काय केलं माह्यं?" आणि रुचिका ओरडली. पोटातून, मोकळी, साऱ्या शाळेला ऐकू जाईल अशी. तेजरामही ओरडला. पुढच्या कळेला तो तिच्याबरोबर कण्हायला लागला, श्वास सोडायला लागला, सवयीने मानही टाकायला लागला. शेवटी कुंताबाईंना सांगावं लागलं, "भाऊ, पेशंट तुमी नाई होय."

दोन कळांच्या मध्ये रुचिका हसली. टीनाही हसली, पण तिचे हात थांबले नाहीत. बाहेर अजून उजेड होता, खिचडीला फोडणी पडल्याचा वास येत होता, आणि तेवढ्यात बाळ आलं. मुलगी. तिने आधी जरा विचार केला आणि मग जो आवाज लावला तो ऐकून पलीकडे बसलेल्या बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. टीनाने तिला पुसून रुचिकाच्या छातीवर ठेवलं, वरून फडकं घातलं, वार नीट पडली का बघितली, रक्त जास्त जाऊ नये म्हणून ठरलेलं औषध दिलं, फोनवरच्या डॉक्टरीणबाईंना एक एक सांगितलं. सगळं झाल्यावर कुठे ती बाजूला बसली. पार्वताबाईने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि शाबास म्हणाली.

तेजरामने भिंतीकडचं तोंड वळवलं आणि नातीकडे बघितलं. तो ढसाढसा रडत होता. इतक्या बाळंतपणांत त्याने घडी केलेली दरीच छातीशी धरली होती.

"बाबा," रुचिका थकलेल्या आवाजात म्हणाली, "तुमी वर्गात लई कमी ओरडता."

पाणी ओसरलं. बोटीतून डॉक्टरीणबाई येऊन दोघींना तपासून, सगळं ठीक आहे म्हणून सांगून गेल्या होत्या. रस्ता उघडताच जवाहरनगरहून वीरेंद्र आणि निर्मलाबाई भाड्याची गाडी घेऊन आले. तेजरामचं घर उभं होतं, पण आत घोट्यापर्यंत गाळ, नवी विणलेली बाज चिखलात, लाडवांचा डबा कुठे वाहून गेला ते नदीलाच माहीत. रुचिका बाळाला घेऊन शाळेच्या ओट्यावर बसली होती. तेजराम बाजूला चुलीवर तिच्या अंघोळीचं पाणी तापवत होता, आणि गाळलेल्या पेजेत तूप सोडून वाटी तिच्या पुढे सरकवत होता.

वीरेंद्रने लेकीला घेतलं आणि तिचं फडकं नीट केलं. मग म्हणाला, गाडी उभी आहे, आता घरी चला, क्वार्टरमध्ये सगळी सोय आहे. तेजरामनेही मान हलवली. त्याने घर बघितलं होतं. जा बेटा, तो म्हणाला, हे घर आता बाळंतिणीचं नाही राहिलं. बोलताना त्याने चुलीत विनाकारण लाकूड सारलं.

रुचिकाने पेजेची वाटी संपवली. "मी माहेरी आली आहो," ती म्हणाली. "सव्वा महिना झाल्याशिवाय मी नाई येत. पहिलं बाळंतपण होय माह्यं."

वीरेंद्रने आईकडे बघितलं. निर्मलाबाईंना गावात शिरताशिरताच पार्वताबाई भेटली होती, आणि पार्वताबाईने काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं: कोणाला आत बोलावलं, कोण नाही म्हणालं, कोण कोणाबरोबर ओरडलं. निर्मलाबाई नातीकडे बघत होत्या, मग सुनेच्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे, मग धुराने डोळे लाल झालेल्या व्याह्याकडे. त्यांनी हातातली पर्स लेकाकडे दिली. चांगली इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. तिचा पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेतल्या आणि खाली तेजरामच्या घराकडे निघाल्या. वीरेंद्रलाही त्यांनी पॅन्ट दुमडायला सांगितलं. तेजराम घाबरून घमेलं घेऊन मागे धावला, की तुमी कायले, मी करतो, तुमी पाहुण्या.

निर्मलाबाईंनी त्याच्या हातातून घमेलं घेतलं.

"इवाई, तुमी बाळंतिणीजवळ बसा," त्या म्हणाल्या. "चिखलाचं मी पाहते."